धरलेलं माप सुटू नये म्हणून

भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराकडे येणाऱ्या लाँचना ओहोटीत गाळ आडवा येतो, फेऱ्या खोळंबतात. पाणी कुठे किती खोल, हे सागरी नकाशात छापलेलं असतं. आपल्या किनाऱ्याचे हे नकाशे डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयातून निघतात. कागदी नकाशावर अंतर मोजायचं ते कर्कटकाने, म्हणजे दोन टोकांच्या कंपासाने. दोन टोकं दोन जागांवर ठेवायची, कर्कटक तसंच उचलायचं आणि शेजारच्या उभ्या कडेवर, अक्षांशांच्या पट्टीला लावायचं. तिथलं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. नाविकांच्या कर्कटकाचे पाय वरच्या बाजूला कमानीसारखे वाकवलेले असतात, म्हणून ते एका हाताने उघडतं आणि मिटतं. हलत्या जहाजावर दुसरा हात आधाराला लागतोच.

उचललेलं माप वाटेत सुटू नये, हाच कंपासाच्या साऱ्या इतिहासातला ध्यास आहे. शुल्बसूत्रांच्या काळी यज्ञवेदीचं वर्तुळ खुंटी आणि दोरीने आखत; पण दोरी ताणली की माप बदलतं. इ.स. ६२९मध्ये पहिल्या भास्कराने आर्यभटीयावर भाष्य लिहिलं, त्यात वर्तुळासाठी कर्कटकाचाच निर्देश आहे. इ.स. ७९मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतही काशाचे कंपास सापडले. पुढची करामत सांध्यात झाली. जुन्या चांगल्या कंपासात पितळेच्या पात्यांमध्ये पोलादी पातं बसवलेलं असतं. पेटीतल्या चिमुकल्या किल्लीने तो सांधा इतकाच आवळायचा, की पाय बोटाने सरकावा आणि सोडला की जागीच राहावा. लहान वर्तुळांच्या बो-कंपासात हेच काम आट्यांचा स्क्रू करतो.

१८५४ साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. त्याच साली लंडनमध्ये विल्यम स्टॅनली यांनी रेखन-साधनांचा व्यवसाय मांडला. पुण्याच्या त्या वर्गाचं पुढे कॉलेज झालं आणि विश्वेश्वरय्या तिथेच शिकले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे त्यांचं नाव झालं. अशा अभियंत्यांच्या पिढ्यांची परीक्षा रुळपेन घ्यायचं. दोन पोलादी पाती, मध्ये शाईचा थेंब, रेघेची जाडी स्क्रूवर. पात्याला बाहेरून शाई लागली की ती पट्टीखाली ओढली जाई आणि दिवसभराचं काम वाया जाई. माझ्या मते हातावरचा ताबा शिकवणारं याहून कडक साधन झालं नाही.

गिरगावात दांडेकर बंधूंनी १९३१मध्ये शाईपासून सुरू केलेल्या उद्योगाची, कॅमलिनची, कंपासपेटी पुढे घरोघरी पोचली. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या भूमितीच्या पेपराने तिला धाक आणि मान दोन्ही दिले. रुळपेनाची सद्दी मात्र १९५३च्या रॅपिडोग्राफ पेनाने हलवली. १९८२मध्ये संगणकावर ऑटोकॅड आलं आणि हळूहळू ड्रॉइंग बोर्डच उठला.

निवृत्त ड्राफ्ट्समनच्या कपाटातल्या पेट्या आज भंगारात किलोवर जातात. त्यातली साधनं जर्मन सिल्व्हरची असली तरी त्यात चांदी नसतेच; तांबं, निकेल आणि जस्त, त्यामुळे भावही किरकोळ. अशी पेटी घरी असेल तर ती मोडू नका. घासून चकचकीत करू नका, त्यात कारागिराचं नाव पुसट होतं. पोलादी टोकांना तेलाचं बोट लावा, हस्तिदंती पट्टी पाण्यापासून जपा आणि मखमली खणांतली एकही वस्तू वेगळी काढू नका. पेटी कुणाची, त्यांनी तिच्यावर कोणतं काम केलं, हे कागदावर लिहून आत ठेवा. सांभाळणं जमत नसेल तर त्या कागदासकट जवळच्या अभियांत्रिकी किंवा कला महाविद्यालयाला द्या.