येडशीचा फाटा आणि ऐकणारा माणूस

सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग आणि बार्शीहून लातूरकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, त्या धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभी असलेली महाविद्यालयीन मुले-मुली पाहिली की, सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी दिलेला आदेश येथवर कोणत्या रूपाने पोहोचणार, ह्या विचाराने मन अस्वस्थ होते. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत, खासगी शिकवण्यांतसुद्धा, निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे, असे ते फर्मान आहे. त्यातील ‘सामाजिक कार्यकर्ता’ ह्या शब्दाकडे जावे तितके लक्ष गेलेले नाही. आणि माझ्या मते धाराशिवसारख्या जिल्ह्याची सारी भिस्त त्याच शब्दावर आहे.

2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्यांपैकी 1,764 महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत अधिक होता. अशा मृत्यूचे कारण कधीही एकच नसते. परंतु घरच्या सोयाबीनचा भाव, बापाचे कर्ज आणि लातूरच्या शिकवणीची फी हे तिन्ही हिशेब जो मुलगा रात्री अंथरुणावर एकत्र मांडतो, त्याची व्यथा केवळ परीक्षेची भीती समजून ऐकणारा मनुष्य, कितीही विद्वान असला तरी, त्याला अर्धाच ऐकतो.

ह्या जिल्ह्याला ऐकण्याची विद्या सर्वस्वी अपरिचित नाही. 2015 साली शासनाने शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, तेव्हा प्रश्नावली हाती घेऊन घरोघर गेली ती गावचीच आशाताई. खचलेला माणूस ओळखून त्याला उपचारापर्यंत पोहोचविण्याची जोखीम तिच्यावर सोपविली गेली. बापासाठी जी तजवीज झाली, ती लेकरासाठी का होऊ नये?

झिंबाब्वेतील मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा ह्यांचे उदाहरण येथे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. डॉक्टर मूठभर आणि दुःखी माणसे अगणित, अशा स्थितीत त्यांनी 2006 साली हरारे शहरातील मबारे वस्तीत चौदा आजीबाईंना शिकवून तयार केले आणि दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसविले. निदानाची परकी संज्ञा बाजूस ठेवून त्यांनी ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणे, हा तेथल्या बोलीतील शब्द स्वीकारला आणि अडचणींतून एकीची निवड करून तिच्यावर उपाय शोधण्याची साधी रीत शिकविली. 573 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय चाचणीत ह्या उपचाराचा गुण स्पष्टपणे दिसून आला. आपल्याकडची पोरे तरी ‘मला नैराश्य आले आहे’ असे कोठे म्हणतात? ‘मन लागंना’, ‘झोप येईना’, ‘लई टेन्शन आलंय’ एवढेच ती बोलतात. तेवढ्यावरून जो ओळखतो, तोच खरा समुपदेशक.

असे ओळखणारे घडविण्याचे साधन ह्याच जिल्ह्यात आहे. तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे आणि तेथे समाजकार्याचे रीतसर शिक्षण दिले जाते. आसपासच्या प्रत्येक महाविद्यालयाने असा एक प्रशिक्षित कार्यकर्ता पगारी नेमावा, त्याच्यामागे जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाचा आधार असावा, ही माझी आग्रहाची सूचना आहे. मात्र प्राचार्यांच्या दालनाशेजारी ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावण्याचा मोह टाळावा; लहान गावात त्या उंबऱ्यात दुपारी टाकलेले पाऊल संध्याकाळपर्यंत घरी कळते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला गोपनीयतेचा हक्क अशा पाटीखाली टिकत नाही. ग्रंथालयाचा कोपरा किंवा मैदानाकडेचे झाड अधिक बरे. तोवर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येणारा ‘टेलिमानस’ ह्या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर असावा.

येडशीजवळच्या रामलिंगाची कथा सांगतात की, घायाळ जटायूला पाण्यापर्यंत जाता येईना, म्हणून रामाने बाण मारून पाणीच त्याच्यापाशी आणले. घायाळाने चालत यावे, अशी अपेक्षा त्या कथेत कोणी केलेली नाही.