कागदाच्या जाडीएवढा नेम

तुळिंजमध्ये राहणाऱ्याला लोकलचा डबा समजावून सांगायला नको. नालासोपारा स्टेशनात रोज आपण ज्यात शिरतो, तो एक डबा साधारण २० मीटर लांब असतो. त्याच्या निम्मं अंतर डोळ्यांपुढे आणा. त्या अंतरावर एक पांढरा ठिपका आहे, अर्धा मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याच्या जेमतेम निम्मा. १० मीटर एअर रायफल स्पर्धेत ‘दहा’ गुणांचं वर्तुळ म्हणतात ते हेच!

रायफलीतून सुटणारा पेलेट ४.५ मिलिमीटर रुंद असतो आणि त्याची कड ठिपक्याला नुसती टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य अडीच मिलिमीटरपर्यंत सरकलेला चालतो. ही सवलत बरीच मोठी वाटते. पण आता रायफलीकडे या. डोळ्याजवळच्या छिद्रापासून नळीच्या टोकावरच्या कड्यापर्यंतचं अंतर ८० सेंटिमीटर धरू. दहा मीटरवरची अडीच मिलिमीटरची चूक इथे उरते फक्त ०.२ मिलिमीटर. वहीची दोन पानं एकावर एक ठेवली की तेवढी जाडी होते. नळीचं टोक त्याहून जास्त हललं, की दहा गुण गेले.

हे एकदा मनात बसलं की कमी पैशांत रायफल कशी जुळवायची, या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. ज्या भागामुळे ती दोन पानं सांभाळली जातात, तिथे आधी खर्च करायचा. चमक, रंग, नक्षी सगळं नंतर.

पहिला मान नळीचा. पोलादाच्या सळईत लांबलचक, सरळ, आतून आरशासारखं गुळगुळीत छिद्र पाडणं ही कारागिरीची कसोटी आहे. आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यातला प्रिसिहोल हा उद्योग मुळात अशी खोल छिद्रं पाडणारी यंत्रंच बनवतो, आणि याच विद्येतून पुढे त्याने एअर रायफली घडवल्या. नळीच्या आत पिळाच्या चऱ्या असतात. त्यांतून जाताना पेलेट भोवऱ्यासारखा फिरू लागतो आणि फिरणारा भोवरा जसा कलंडत नाही, तसा तोही डगमगत नाही.

दुसरा मान हवेचा. स्पर्धेतल्या रायफलीचा पेलेट सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने जातो, म्हणजे दहा मीटर कापायला त्याला ०.०६ सेकंद लागतात. आपली पापणी मिटून उघडेपर्यंत तो कागद भोकसून मोकळा झालेला असतो. पण तेवढ्या क्षणातही पृथ्वी त्याला सोडत नाही. या इवल्याशा प्रवासात तो जवळजवळ १७ मिलिमीटर खाली येतो! म्हणून नळी किंचित वर रोखलेली असते. आता समजा, एका पेलेटचा वेग पाच टक्क्यांनी घटला, तर तो आणखी सुमारे १.८ मिलिमीटर खाली लागेल. नेम अचूक असूनही सवलतीचा मोठा हिस्सा तिथेच संपला. म्हणूनच दाबाखालची हवा दर वेळी तितक्याच मापाने सोडणारी यंत्रणा महत्त्वाची. स्प्रिंगची रायफल स्वस्त पडते आणि शिकायला चांगली, पण तिचा दट्ट्या पेलेट नळीत असतानाच धक्का देतो.

तिसरा मान नेमाच्या कड्यांचा. या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. एका बारीक छिद्रातून पाहायचं, पुढे एक कडं, कड्यात त्या पांढऱ्या ठिपक्याभोवतीचं काळं वर्तुळ. वर्तुळात वर्तुळ नेमकं मधोमध बसवण्याची उपजत हातोटी आपल्या डोळ्याला आहे, आणि ही साधी रचना सगळी भिस्त तिच्यावरच टाकते.

आणि दस्ता? तो नेमबाजाच्या अंगाला बसला पाहिजे. रायफलीचं वजन साडेपाच किलोंपर्यंत चालतं. तेवढं वजन स्नायूंनी तोलायला गेलात तर हात थरथरणारच. म्हणून डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात आणि भार हाडांवरून जमिनीत उतरवतात. जाड कॅनव्हासचं जॅकेट पाठ सावरतं. तरीही छातीतले ठोके नळीच्या टोकाशी दिसतातच.

या रायफलीत आपोआप काही भरलं जात नाही. दर वेळी एकच पेलेट, तोही हाताने. ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, पण तिची जागा रेंजवरच. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे आणि पनवेलला ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब.

या मातीतून कुठवर जाता येतं? ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. त्याचे वडील बाळासाहेब पाटील यांनी आपल्या पालघर जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक म्हणून काम केलं आहे. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रुद्रांक्ष, दिव्यांश सिंह पनवार आणि ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर यांनी मिळून १८९३.७ गुण केले. सुवर्णपदक आणि जागतिक विक्रम!

तो आकडा तिघांच्या मिळून १८० नेमांनी भागून पाहा. सरासरी येते साधारण १०.५२. दशांश गुणांच्या हिशेबात १०.५ म्हणजे केंद्रापासून सव्वा मिलिमीटरच्या आत. ते अंतर पुन्हा नळीच्या टोकाशी आणा. आता दोन पानं उरत नाहीत, एकच उरतं. वहीचं एक पान चिमटीत धरून बघा. श्वास घेणारी, काळीज धडधडणारी तीन तरुण मुलं सव्वा तासाच्या फेरीत साठ-साठ वेळा सरासरीने तेवढ्याशा जागेत स्थिर राहिली.