आधी प्रार्थना, मग उपदेश

इ.स. 50च्या सुमारास प्रेषित पौलाने मासेदोनियातल्या थेस्सलनीका शहरात ख्रिस्ती मंडळी उभी केली; पण विरोध इतका पेटला की त्याला रातोरात निघावे लागले. मागे राहिलेले नवखे विश्वासणारे टिकतील का, या काळजीने त्याने अथेनैहून आपला सहकारी तीमथ्य याला पाठवले. बातमी चांगली आली. तरीही ‘थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र’ लिहिताना त्यांच्या विश्वासातली उणीव भरून काढायची ओढ तो लपवत नाही आणि ज्या प्रीतीचे कौतुक करतो, तीच आणखी वाढू द्या म्हणतो. पुढे तो पवित्र राहायलाही सांगतो; ही पवित्रता मात्र अगदी रोजच्या वागण्यातली: लैंगिक शुद्धता, भावाची फसवणूक न करणे. पाठोपाठ स्वतःच्या हातांनी कष्ट करण्याचा सल्ला! उपासतापासाचे नावही नाही. प्रीतीतली आणि पवित्रतेतली ही वाढ प्रभूच घडवतो, अशी पौलाची धारणा. म्हणून या सूचनांआधी तो तिच्यासाठी प्रार्थना करतो.