मध्यकाचा पहारा

संपादकांनी मला खोडदला धाडले ते तेथील विख्यात रेडिओ दुर्बिणीची थोरवी वर्णन करण्यासाठी; परंतु मी परतलो तो विजेच्या खांबावरील एका क्षुल्लक ठिणगीत मन गुंतवून.

जुन्नर तालुक्यातील ही जीएमआरटी म्हणजे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या प्रतिभेचे व टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या चिकाटीचे फळ. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी १४ मध्यभागी व १६ तीन भुजांवर, अशा सुमारे २५ किलोमीटरच्या मुलुखात विखुरल्या आहेत. तबकडी भरीव नाही. पोलादी तारांच्या जाळीतून वारा सुखेनैव निघून जातो.

या जाळीवर उतरणारे आकाशीचे संकेत इतके क्षीण असतात, की विजेच्या खांबावरील तारेचा एखादा सैल जोड किंवा तडकलेली चिनीमातीची चिमणी ठिणग्या टाकू लागली, की त्यांचा कडकडाट त्या संकेतांना सहज गिळून टाकतो. दूरदूरच्या तबकड्यांना एकच ठिणगी सारखी ऐकू येत नाही, हे खरे. तथापि जिला ऐकू येते तिचे माप बिघडतेच. म्हणून संकेतांची गाठ पडण्यापूर्वी, प्रत्येक तबकडीच्या दारातच पहारा बसविला आहे.

या पहारेकऱ्याची युक्ती मला विलक्षण वाटली. गोंगाट कशाला म्हणावे हे ठरविताना तो सरासरीवर विसंबत नाही, कारण एका प्रचंड ठिणगीने सरासरीच फुगते आणि अपराधी त्या फुगवट्याच्या आड लपतो. तो पाहतो मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडलेल्या नमुन्यांतील बरोबर मधला. सेकंदाला कोट्यवधी नमुने येत असता ते क्रमाने मांडणार कोण? परंतु आठ बिटांच्या नमुन्याला किमती २५६च संभवतात; तेव्हा तितके कप्पे करून, कोणत्यात किती पडले ते मोजीत निम्म्यापर्यंत जायचे, की मध्यक हाती आला. त्यापासूनच्या अंतरांचा पुन्हा मध्यक काढला, की हद्द ठरते. हद्द ओलांडणारा नमुना शून्याने वा साध्या गोंगाटाने बदलला जातो. परिस्थिती पालटली, की हद्दही आपोआप सरकते.

पण अडचणी येथेच सुरू होतात. हद्द फार आवळली, तर ठिणगीबरोबर निर्दोष नमुनेही कापले जातात. सैल सोडली, तर ठिणगी निसटते. निम्म्याहून अधिक नमुने दूषित झाले, की मध्यकही शत्रूला फितूर होतो. त्यामुळे अखंड बोलणाऱ्या मोबाइलच्या मनोऱ्यापुढे व उपग्रहापुढे हा पहारा लंगडा पडतो. तेथे दुसरा मार्ग सुचतो: स्टॅनफर्डच्या बर्नार्ड विड्रो यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मांडलेली अनुकूली अँटेना, जी अनेक अँटेनांच्या संकेतांची वजने चुकीच्या मानाने सुधारीत उपद्रवाच्या दिशेला बहिरी होते. परंतु धावत्या उपग्रहामागे ते बहिरेपण सरकवीत राहिले, तर समूहाची दृष्टीच क्षणोक्षणी बदलते, आणि ज्या तेजाचे माप घ्यावयाचे तेच डळमळते. सारांश, यंत्राची चतुराई शांततेची उणीव पुरती भरून काढू शकत नाही.

म्हणून त्या परिसरातील वाचकांना एक विनंती: खांबावर ठिणग्या उडताना दिसल्या, तर वीजकचेरीत तक्रार अवश्य नोंदवा. तो जोड दुरुस्त झाला, तर जे ऐकू येईल ते कोणत्याही गाळणीला मिळवून देता येणार नाही.