सॉकेटची आज्ञा एकच, अर्थ मात्र निराळे

संगणकांच्या जाळ्यावर दोन प्रोग्रॅममधील माहितीची देवाणघेवाण प्रामुख्याने ‘सॉकेट’च्या माध्यमातून होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेने १९८३ मध्ये प्रसृत केलेल्या ‘४.२ बीएसडी’ या युनिक्स आवृत्तीमुळे ही पद्धत रूढ झाली. लिनक्स आणि मॅकओएस यांनी तोच वारसा स्वीकारला. विंडोजसाठी मात्र ‘विनसॉक’ हे स्वतंत्र मानक तयार करण्यात आले, त्याची १.१ ही आवृत्ती १९९३ मध्ये आली. आज्ञांची नावे बहुतांशी बर्कलेचीच ठेवण्यात आली आणि अडचणीचे मूळ तेथेच आहे.

काही भेद उघड आहेत. युनिक्समध्ये सॉकेट फाइलप्रमाणे ‘क्लोज’ या आज्ञेने बंद होते, तर विंडोजमध्ये त्यासाठी ‘क्लोजसॉकेट’ लागते. तेथे आरंभी ‘डब्ल्यूएसए-स्टार्टअप’ ही आज्ञाही द्यावी लागते. ती विसरल्यास प्रोग्रॅम पहिल्याच पावलावर अडखळतो, म्हणून ही चूक फारशी घातक नव्हे.

खरा धोका ‘एसओ-रीयूजॲडर’सारख्या पर्यायात आहे. लिनक्सवर सर्व्हर बंद करून लगेच सुरू केल्यास, जुन्या जोडण्यांचे अवशेष सुमारे एक मिनिट रेंगाळत असल्याने, ‘पत्ता वापरात आहे’ असा नकार मिळू शकतो. तो टाळण्यासाठी हा पर्याय सर्रास वापरला जातो. विंडोजमध्ये त्याच नावाचा पर्याय चालू सर्व्हरच्या पोर्टवर दुसऱ्या प्रोग्रॅमलाही हक्क सांगू देतो. मग ग्राहकाची जोडणी कोणाच्या हाती पडेल, याची शाश्वती उरत नाही. एखाद्या वित्तसंस्थेच्या सर्व्हरबाबत असे घडल्यास काय होईल, हे सांगणे नलगे! यावर उपाय म्हणून विंडोजमध्ये ‘एसओ-एक्सक्लुझिव्हॲडरयूज’ हा पर्याय उपलब्ध असून सर्व्हरसाठी तोच योजणे इष्ट होय.

उलट प्रकारही आढळतो. समोरच्याने बंद केलेल्या जोडणीवर लिहिल्यास विंडोजमध्ये केवळ त्रुटी कळते. युनिक्स परंपरेत ‘सिगपाइप’ हा संकेत येऊन, तो हाताळला नसल्यास संपूर्ण प्रोग्रॅमच संपुष्टात येतो.

हे भेद प्रोग्रॅमभर विखुरण्याऐवजी एका छोट्या स्वतंत्र स्तरात बंदिस्त करावेत, अथवा ‘लिबयूव्ही’सारखे सिद्ध ग्रंथालय वापरावे. मूळ निवडींवर विसंबून राहणे मात्र टाळावे. उदाहरणार्थ, आयपीव्ही ६ चे सॉकेट लिनक्सवर सामान्यतः आयपीव्ही ४ च्या जोडण्याही स्वीकारते, विंडोजवर नाही. तेव्हा ‘आयपीव्ही ६-ओन्ली’ हा पर्याय दोन्हीकडे स्पष्टपणे नोंदवावा.