तक्रारीचा खर्च कोणी सोसावा?

मराठीत ‘दाद’ हा शब्द दोन प्रकारे वापरला जातो. मैफलीत गवयाला दाद दिली जाते आणि कचेरीत दाद मागितली जाते. मूळ फारसीत या शब्दाचा अर्थ न्याय असा आहे, आणि गुणी गायकाला मिळणारी दाद हाही एका परीने न्यायच होय. फरक इतकाच की, मैफलीत जी न मागता मिळते ती कचेरीत, बँकेत वा विमा कंपनीच्या दारात वारंवार मागूनही लागत नाही. शासनाविषयी आणि मोठ्या कंपन्यांविषयी सामान्य नागरिकाच्या मनात आज जी चीड साचलेली दिसते, तिचे मूळ सेवेतील दोषांत जेवढे आहे त्याहून अधिक या अनुभवात आहे. वीज जाणे, हप्ता दोनदा कापला जाणे, दाखल्यावर नाव चुकणे हे लोक सहन करतात. चूक दाखवून दिल्यानंतर जे घडते, किंवा घडत नाही, ते त्यांना सहन होत नाही.

तक्रार ऐकणाऱ्या यंत्रणांची वानवा आहे असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासन सुधारणा आयोगाने १९६६ साली आपला पहिलाच अहवाल दिला तो नागरिकांच्या गाऱ्हाण्यांच्या निवारणाविषयी. त्याने सुचविलेला लोकायुक्त महाराष्ट्राने १९७१ साली कायदा करून आणला. केंद्रातील लोकपाल प्रत्यक्षात नेमला जाण्यास २०१९ साल उजाडावे लागले, ही गोष्ट वेगळी. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. १९९५ साली बँकांसाठी लोकपाल योजना झाली, २००३ च्या वीज कायद्याने वीजग्राहकांसाठी तक्रार निवारण मंच व विद्युत लोकपाल निर्माण केले, २००५ साली माहितीचा अधिकार मिळाला, आणि २०१५ साली महाराष्ट्राने लोकसेवा हक्क कायदा केला. केंद्र सरकारचे तक्रार नोंदविण्याचे संकेतस्थळ २००७ पासून चालू आहे. इतकी दारे उघडी असताना आत जाणारा माणूस रिकाम्या हाताने का परततो, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर अधिकाऱ्यांच्या स्वभावात शोधण्याची आपल्याकडे रीत आहे. अमुक साहेब चांगले, तमुक उर्मट, अशा भाषेत हा विषय बोलला जातो. वस्तुतः प्रश्न स्वभावाचा कमी आणि खर्चाचा अधिक आहे. तक्रार करण्यास वेळ लागतो, पैसा लागतो, आणि मनस्ताप होतो तो निराळाच. हा खर्च, चूक कोणाचीही असली तरी, जवळजवळ सर्वस्वी तक्रारदाराच्या माथी बसतो.

सातबाराचे उदाहरण घ्यावे. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढविला गेला तेव्हा अनेक ठिकाणी नावात, क्षेत्रात, गटाच्या क्रमांकात चुका शिरल्या. या चुका शेतकऱ्याने केल्या नव्हत्या. तरीही जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करून घेण्यासाठी अर्ज लिहिणे, जुने उतारे काढणे, त्यांच्या झेरॉक्स प्रती जोडणे आणि तहसील कचेरीच्या खेपा घालणे हे काम त्याच्याकडे आले. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याला प्रत्येक खेपेला त्या दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे मोजावे लागते. कचेरीला मात्र या दिरंगाईपोटी एक पैसाही पडत नाही. अर्ज आज निकालात निघाला काय आणि सहा महिन्यांनी निघाला काय, लिपिकाच्या पगारात फरक पडत नाही. २०१७ साली संगणकीकृत सातबाऱ्याच्या चावडीवाचनाची मोहीम राबविण्यात आली, ती या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. तेथे चुका शोधण्यासाठी शासन स्वतः गावात गेले. अर्जाची वाट पाहत बसले नाही. अशी उदाहरणे थोडी आहेत.

ज्याचा खर्च आपल्याला पडत नाही ते काम माणूस अंगचोरपणे करतो, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. वरिष्ठांनी त्यावर उपाय म्हणून आकडे मागविण्यास प्रारंभ केला, तेव्हा प्रकरणाला नवे वळण लागले. ‘निकाली काढणे’ हा सरकारी मराठीतील मोठा बोलका प्रयोग आहे. त्यात तक्रारीचे निवारण झाले असे कोठेही म्हटलेले नाही. ती टेबलावरून गेली, एवढेच म्हटलेले आहे. केंद्राच्या संकेतस्थळावरील तक्रारींसाठी प्रथम ६० दिवसांची मुदत होती. ती २०२१ साली ४५, २०२२ साली ३० आणि २०२४ साली २१ दिवसांवर आणण्यात आली. मुदत घटविणे उत्तमच. परंतु मोजमाप जर दिवसांचे आणि निकाली प्रकरणांच्या संख्येचेच होणार असेल, तर एकविसाव्या दिवशी ‘सदर बाब संबंधित विभागास कळविण्यात आली आहे’ असे एका ओळीचे उत्तर देऊन प्रकरण बंद करणे हा अधिकाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, ‘हा विषय या मंत्रालयाशी संबंधित नाही’ एवढेच लिहून कोणतीही तक्रार बंद करू नये, असे बजावावे लागले. त्यावरून आधी काय चालत असावे याचा अंदाज बांधता येतो.

खाजगी कंपन्यांची तऱ्हा बाह्यतः निराळी दिसते. तेथे उर्मट कारकून नसतो. ‘आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे सांगणारा मधुर आवाज असतो, आणि तो ऐकण्यात ग्राहकाचा अर्धा तास जातो. पुढे एक तक्रार क्रमांक मिळतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाला सारी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते, कारण आधीच्या माणसाने काय टिपून ठेवले ते त्याला दिसत नाही, अथवा दिसत असूनही उपयोगाचे नसते. कचेरी आणि कंपनी यांतील साम्य येथे आहे. कंपनीनेही हिशेब केलेला असतो. तीनशे रुपयांच्या चुकीच्या आकारणीसाठी किती ग्राहक तिसऱ्यांदा दूरध्वनी करतील, आणि किती जण नाद सोडतील? नाद सोडणाऱ्यांची रक्कम कंपनीकडे राहते. २०२० साली टाळेबंदीमुळे रद्द झालेल्या विमान प्रवासाचे पैसे परत करण्याऐवजी अनेक कंपन्यांनी ते भावी प्रवासासाठी आपल्याचकडे जमा ठेवले, आणि परताव्याचे आदेश देण्यासाठी ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले. एकेका प्रवाशाची रक्कम थोडी, सर्वांची मिळून अवाढव्य, आणि न्यायालयात जाण्याचा खर्च एकेकाच्या रकमेहून मोठा. विखुरलेल्या ग्राहकाचे दुबळेपण यातच आहे.

स्पर्धा आली की हे आपोआप सुधारेल, अशी १९९१ नंतरच्या काळात अनेकांची श्रद्धा होती. ती अगदीच निराधार होती असे नाही. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसणारी पिढी अद्याप हयात आहे. त्या रांगा स्पर्धेने संपविल्या, हे नाकारता येणार नाही. तथापि आल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या श्रद्धेला एक मर्मभेदी पुरवणी जोडली आहे. असमाधानी ग्राहकापुढे दोन मार्ग असतात, सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. नायजेरियातील रेल्वेला मालमोटारींशी स्पर्धा करावी लागत होती, तरी रेल्वे सुधारली नाही. कारण मोठ्याने ओरडू शकणारे गिऱ्हाईक मालमोटारींकडे निघून गेले आणि रेल्वेच्या कारभाऱ्यांना जाब विचारणारे कोणी उरले नाही.

आपल्या शहरांतून गेल्या चाळीस वर्षांत नेमके हेच घडले आहे. पाणी येत नाही, तर सोसायटीने कूपनलिका खोदली आणि टँकर मागविला. वीज जाते, तर इन्व्हर्टर बसविला. पालिकेच्या शाळेचा दर्जा घसरला, तर मुले खाजगी शाळेत घातली. प्रत्येक निर्णय त्या त्या कुटुंबाच्या दृष्टीने शहाणपणाचाच होता. परंतु ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांच्या ओळखी आहेत, ज्यांचे पत्र वृत्तपत्रात छापून येते, तेच निघून गेल्यावर पालिकेच्या नळापाशी उरला तो असा माणूस, ज्याला कामाचा खाडा करून विभाग कार्यालयात जाणे परवडत नाही. तेव्हा तक्रारींची संख्या कमी झाली म्हणून सेवा सुधारली, असा निष्कर्ष काढणाऱ्या अधिकाऱ्याने थोडे जपूनच बोलावे.

१९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा या दुबळ्या आवाजाला बळ देण्यासाठीच होता. वकिलावाचून, नाममात्र खर्चात आणि झटपट न्याय ही त्याची कल्पना. २०१९ च्या नव्या कायद्यातही साध्या प्रकरणासाठी तीन महिन्यांची आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागल्यास पाच महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, कंपनीचे वकील उभे राहतात आणि तक्रारदारालाही वकील करावा लागतो. आयोगांवर माणसेच नेमली जात नाहीत, ही तर २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेण्याइतकी गंभीर बाब झाली. आयोग चालवायचेच नसतील तर कायदा रद्द करा, असे न्यायालयाने तेव्हा उद्वेगाने सुनावले. निकाल लागल्यावरही गोष्ट संपत नाही. महारेराने विकासकाविरुद्ध वसुलीचा आदेश काढावा, तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जावा आणि तेथे पडून राहावा, हे घर घेणाऱ्या अनेकांच्या वाट्याला आले आहे.

मग खर्चाचे हे पारडे दुसरीकडे झुकविता येईल काय? एक वाट १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दाखविली होती. घराचा ताबा वेळेवर न मिळालेल्या नागरिकाच्या तक्रारीवर न्यायालयाने म्हटले की, सार्वजनिक प्राधिकरणेही ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात. एवढ्यावर न थांबता, नागरिकाला झालेल्या मनस्तापाबद्दल दिलेली १०,००० रुपयांची भरपाई जबाबदार अधिकारी शोधून त्यांच्या पगारातून वसूल करावी, असाही आदेश दिला. भरपाई सरकारी तिजोरीतून दिली तर ती अखेर करदात्याच्या, म्हणजे पर्यायाने त्या तक्रारदाराच्याही, खिशातून जाते, हे न्यायालयाच्या नजरेतून सुटले नाही. हा निर्णय न्यायालयांतून वारंवार उद्धृत होतो. पगारातून पैसे कापले गेल्याचे मात्र क्वचितच ऐकू येते.

दुसरी वाट कमी नाट्यमय, पण बहुधा अधिक परिणामकारक आहे. एटीएममधून पैसे न येताच खात्यातून वजा झाले, तर ते पाच दिवसांत परत जमा झाले पाहिजेत, आणि त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये ग्राहकाला मिळाले पाहिजेत, असे रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की, ही रक्कम बँकेने ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता स्वतः द्यावयाची आहे. एरवी विलंबाच्या काळात ग्राहकाचे पैसे बँकेकडे बिनव्याजी राहिले असते; आता तोच विलंब तिला दररोज शंभर रुपयांना पडतो. अर्ज नको, साहेबांची सही नको, तारीख नको. वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या ३१ डिसेंबर २०२० च्या केंद्रीय नियमांतही, दुरून मोजता येणाऱ्या सेवामानकांचा भंग झाल्यास भरपाई आपोआप द्यावी, हे तत्त्व आले आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. भरपाईचा बोजा अखेर दरवाढीच्या रूपाने ग्राहकावरच पडेल, हा पहिला. नियामक आयोगाने ही रक्कम दरात धरू दिली तर तसे होईल यात शंका नाही. म्हणून ती धरू देता कामा नये, इतकेच. खोट्या तक्रारी वाढतील, हा दुसरा. परंतु जेथे तक्रारच करावी लागत नाही आणि चूक संस्थेच्या स्वतःच्या नोंदीवरून ठरते, तेथे खोटेपणाला वाव फारसा नाही. खरी अडचण निराळी आहे. दाखल्यातील विलंब मोजता येतो, विमा कंपनीने दावा नाकारताना केलेला आडमुठेपणा तसा मोजता येत नाही. तेथे लोकपाल, आयोग आणि न्यायालय यांना पर्याय नाही, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्या भरण्यालाही नाही.

जे मोजता येते तेथे तरी दिरंगाईला किंमत लावण्यास हरकत नसावी. मध्य प्रदेशाने २०१० साली लोकसेवांच्या हमीचा कायदा केला तेव्हा कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या दंडातून अर्जदाराला भरपाई देण्याची मुभा त्यात ठेवली. महाराष्ट्राच्या २०१५ च्या कायद्यात दंड आहे, ५०० ते ५,००० रुपयांचा. मात्र त्याचा विचार सर्वसाधारणपणे नागरिकाने अपील केल्यावर होतो. अर्जाची तारीख आणि सेवा देण्याची मुदत या दोन्ही गोष्टी ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर नोंदलेल्या असतात. मुदत उलटल्याचे संगणकाला त्याच रात्री कळते. दंडाचा हिशेब सुरू व्हावा यासाठी मात्र नागरिकाला आणखी एक अर्ज लिहावा लागतो.