वॉर्डातील विद्यार्थिनी आणि तिची शिक्षिका

याच शाळेच्या बाकांवर मी शिकले आणि पुढे २७ वर्षे परिचर्येचे अध्यापन केले. म्हणून विषयही माझ्याच व्यवसायातला निवडला आहे.

एकदा द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी वॉर्डातून रडत आली. रुग्णांसमक्ष एका वरिष्ठ बाईंनी तिच्या हातातील ट्रे हिसकावून तिच्या गावाचा आणि बोलीचा उद्धार केला होता. मी म्हटले, "अगं, आम्हीही हे सोसले आहे, मन घट्ट कर." ती पुन्हा कधी माझ्याकडे आली नाही. तिचे मौन मी बरीच वर्षे समंजसपणाचे लक्षण मानत होते!

प्रात्यक्षिक शिक्षणाची रचनाच अशी, की विद्यार्थिनी महाविद्यालयाची आणि वॉर्ड रुग्णालयाचा. नोंदवहीवर सही करणारी, कामाचे तास मोजणारी आणि कधी अपमान करणारी व्यक्ती एकच असते. तक्रार केल्यास सही अडेल, ही भीती काल्पनिक नव्हे. तेव्हा शिक्षिकेने आधी ती गाठ सोडवावी. मूल्यमापन दुसऱ्याकडे सोपवावे. वॉर्ड बदलायचा तर तिच्या संमतीने आणि तास बुडू न देता. अन्यथा तो बदलच तिला शिक्षा वाटतो.

"तू काय केलेस?" हा प्रश्न प्रथम विचारू नये. दिनांक, वेळ, उच्चारलेले शब्द, उपस्थितांची नावे त्याच दिवशी तिच्याच भाषेत लिहून घ्यावीत. मात्र औषधाची मात्रा चुकत असताना ओरडून थांबवणारी सिस्टर आपले कर्तव्यच करीत असते. हा भेद शिक्षिकेला कळला नाही, तर रुग्णालयात तिच्या शब्दाला वजन राहत नाही.

लैंगिक छळाची बाब निराळी. २०१३ च्या कायद्यानुसार तक्रार करणारी स्त्री तेथे नोकरीस असलीच पाहिजे असे नाही, आणि कामाच्या ठिकाणांत रुग्णालयांचा स्पष्ट उल्लेख आहे. तक्रारीची मुदत ३ महिन्यांची. सबळ कारण असल्यास समिती ती आणखी ३ महिने वाढवू शकते. लेखी तक्रार करणे जमत नसेल, तर साहाय्य करणे हे समितीचेच काम आहे. हे विद्यार्थिनींना वॉर्डात पाठवण्यापूर्वी सांगावे, घडल्यावर नव्हे.

पुढे मी कार्यालयातील खुर्ची सोडून सकाळच्या पाळीला वॉर्डात जाऊ लागले. पहिल्याच आठवड्यात दोन मुलींनी मला जिन्यात थांबवले.